सात रस्त्यावरून दिसणारे जग

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सकाळी दहाच्या सुमारास दहा मिनिटे उभे राहिले, तरी शहराची बरीचशी ओळख होते. कुणी स्टेशनकडे धावत असतो, कुणी रंगभवनकडे वळतो, कुणी विजापूर रोडची रिक्षा शोधतो, तर कुणी होटगी रोडची. दप्तर पाठीवर घेतलेल्या मुली घोळक्याने जातात. डोक्यावर ओढणी घेतलेल्या आणि नऊवारी नेसलेल्या बाया एकाच शेअर रिक्षात दाटीवाटीने बसतात आणि कोपरा वळेपर्यंत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. चार हुतात्म्यांचे हे शहर आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा एकत्र फासावर गेले. एकत्र राहण्याचा धडा या शहराला बाहेरून शिकावा लागला नाही.

सात रस्त्यालाच शासकीय विश्रामगृह आहे. मंत्री किंवा मोठा अधिकारी येणार असला की तिथे गाड्यांची रांग लागते आणि फाटकाशी निवेदने घेतलेली माणसे उभी राहतात. कुणाला घरकुल हवे असते, कुणाला शिष्यवृत्ती, कुणाला विडीच्या मजुरीत वाढ, कुणाला दवाखाना. निवेदन देणे हा लोकशाहीतला हक्कच आहे. पण ती पाने वाचली की आम्हाला एक गोष्ट नेहमी जाणवते. आमच्या निवेदनांत दुखणे असते, औषध नसते. "आमची अडचण दूर करा" एवढेच असते. तीच अडचण दुसऱ्या कुठल्या देशाने, दुसऱ्या कुठल्या राज्याने कशी सोडवली, याची एक ओळही नसते. समोरचा साहेबही मग "बघतो" म्हणून कागद मागच्या माणसाकडे देतो.

म्हणून या लेखात आम्ही सात रस्त्यावर उभे राहूनच थोडे लांब पाहायचे ठरवले आहे. आपल्या मोहल्ल्यातले जे प्रश्न आहेत, ते जगात इतरांनाही पडले होते. त्यांनी काय केले? त्यातले आपल्याला काय घेता येईल आणि काय घेऊ नये?

शिकण्यात कमीपणा नाही

काही लोकांना दुसऱ्याकडून शिकणे म्हणजे स्वतःचे काही नसल्याची कबुली वाटते. आपल्या इतिहासात तरी असे नाही. हिजरी सन ५ मध्ये मदिन्यावर मोठी फौज चालून आली, तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी इराणातली पद्धत सुचवली, की शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणावा. अरबांना ही रीत ठाऊक नव्हती. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ती सूचना स्वीकारली आणि सहाबांसोबत स्वतः खणायला उभे राहिले. ही पद्धत कुणाची, ती परकी तर नाही ना, हा प्रश्न तिथे आड आला नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात राज्याचा पैसा वाढला, तेव्हा हक्कदारांची नावे लिहिण्यासाठी 'दीवान' म्हणजे नोंदवही सुरू झाली. तीही शेजारच्या राज्यांचा कारभार पाहूनच. रिवायतींत अशीही हकीकत येते, की आधी लहान मुलांचा भत्ता दूध तुटल्यानंतर सुरू होत असे. एका रात्री गस्त घालताना त्यांना मूल सारखे रडताना ऐकू आले. भत्ता लवकर मिळावा म्हणून आई त्याचे दूध वेळेआधी तोडत होती. हे कळताच हजरत उमर यांनी नियम बदलला आणि मूल जन्मल्याबरोबर भत्ता सुरू केला.

या हकीकतीत धोरण कसे असावे याचे सारे काही आले. योजना चांगल्या हेतूने केली होती, तरी तिचा परिणाम उलटा होत होता. तो परिणाम राज्यकर्त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि मागचा आदेश धरून न बसता नियम सुधारला. आज जगात ज्या देशांची सामाजिक धोरणे यशस्वी झाली, त्यांनी हेच केले आहे.

विडीवाल्या आईचे घर

सोलापूरचा विषय निघाला की चादर आठवते, पण शहरातल्या हजारो घरांची चूल विडीवर पेटत आली आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमागाला बरे-वाईट दिवस आले, आणि घरातल्या बाईचे सूप मात्र मांडीवरून हलले नाही. पद्मशाली घरांत, मुस्लिम घरांत, दलित घरांत पान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे काम आईकडून मुलीकडे येत राहिले.

या बायांनी एक मोठे काम करून दाखवले. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगाराचा स्वतःचा वाटा, असे हे गणित. पक्ष वेगवेगळे, सरकारे वेगवेगळी, पण मागणी करणाऱ्या बाया त्याच.

आता सिंगापूरकडे पाहू. १९६० मध्ये तिथे घरबांधणी मंडळ स्थापन झाले, तेव्हा शहरात झोपड्या आणि दाटीच्या चाळी होत्या. आज तिथले सुमारे ऐंशी टक्के रहिवासी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीची योजना १९५५ पासून होतीच. १९६८ मध्ये तो निधी घराच्या हप्त्यासाठी वापरण्याची मुभा मिळाली आणि भाडेकरू घरमालक झाले. तिथल्या दोन गोष्टी आपण नीट पाहाव्यात.

पहिली गोष्ट, घरांसोबत शाळा, बाजार, दवाखाना आणि बस यांचा आराखडा एकत्रच केला जातो. आपल्याकडे चावी आधी हातात येते आणि बाकीच्या सोयींसाठी पुन्हा मोर्चे काढावे लागतात. शहराबाहेर घर मिळालेल्या बाईला विडीचे कारखाने, मुलीचे कॉलेज आणि सरकारी रुग्णालय लांब पडते. घराची किंमत कमी असते, पण रिक्षाचे भाडे रोजचे असते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १९८९ पासून सिंगापुरात प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या प्रमाणाची मर्यादा ठरवलेली आहे, म्हणजे एका समाजाची वेगळी वस्ती होऊ नये. या नियमाचा त्रासही होतो. अल्पसंख्य कुटुंबाला घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते. तरीही हेतू समजून घेण्यासारखा आहे. आपल्या शहरांत भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून "घर दिले गेले" असे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कामगार म्हणून एकत्र आलेल्या बायांची वसाहत या बाबतीत खासगी बाजारापेक्षा पुढे आहे. तिथे यादी कामावरून होते, आडनावावरून नाही.

विडी संपेल, मग काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. तंबाखू शरीराला घातक आहे. ओढणाऱ्याला तर आहेच, पण दिवसभर तिची धूळ नाकात घेणाऱ्या बाईलाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने २००४ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्या कराराच्या सतराव्या कलमात तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्यायी रोजगार देण्याची गोष्ट आहे. सिगारेटच्या पाकिटावरचे चित्र मोठे झाले, पण या कलमाची आठवण फारशी निघत नाही.

पर्याय कसा उभा राहतो हे पाहायला परदेशी जाण्याचीही गरज नाही. केरळात कन्नूरला १९६९ मध्ये अशीच वेळ आली होती. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा लागू करायची वेळ आली, तेव्हा मालकांनी कामच बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. सरकारच्या मदतीने त्यांनी 'दिनेश विडी' ही सहकारी संस्था काढली. भरभराटीच्या काळात तिच्यात चाळीस हजारांहून अधिक कामगार होते. विडीचा खप घटणार हे दिसू लागले, तेव्हा संस्थेने नव्वदच्या दशकातच खाद्यपदार्थ आणि छत्र्या अशा दुसऱ्या धंद्यांत पाय टाकला. म्हणजे पहिला धंदा चालू असतानाच दुसऱ्याची तयारी केली.

सोलापूरला शिकण्यासारखे नेमके हेच आहे. ज्या शहराला शिवण, विणकाम आणि टॉवेल-चादरीचा एवढा अनुभव आहे, ज्या शहराला घरांसाठी हजारो बायांची सहकारी संस्था चालवता आली, त्या शहराला या बायांच्या मुलींसाठी दुसरा धंदा उभा करता येणार नाही, असे कसे म्हणावे? पण त्यासाठी मुलगी शाळेत टिकली पाहिजे.

आठवीनंतरचा उंबरठा

शाळेत शिकवणाऱ्यांना हजेरीपट बरेच काही सांगून जातो. आठवीपर्यंत नावे भरलेली असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही सहा ते चौदा वयापर्यंतच आहे. नववीत आले की काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. घरी गेले की आई आदराने बसवते, चहा ठेवते आणि म्हणते, "टीचर, पोरगी हुशार आहे हो, पण घरात हाताला हात लागतो. धाकट्यांना कोण बघणार?" त्या आईला शिक्षणाची किंमत कळत नाही असे कुणी समजू नये. तिचा हिशेब रोजच्या हजार विड्यांचा आहे. मुलगी शाळेत गेली की त्यातल्या काही कमी होतात.

हाच हिशेब बांगलादेशाने समजून घेतला. १९९४ पासून तिथे ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू झाले. अटी तीन होत्या. हजेरी किमान पंचाहत्तर टक्के, परीक्षेत किमान पंचेचाळीस टक्के गुण आणि लग्न झालेले नसावे. फी सरकार भरे आणि विद्यावेतन मुलीच्या नावाच्या बँक खात्यात जमा होई. रक्कम लहान होती, पण ती मुलीच्या नावाने येत होती आणि वर्ग वाढला की वाढत होती. काही वर्षांतच माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आणि पुढेही गेली. बहुसंख्य मुस्लिम असलेल्या, गरीब आणि पुरांनी गांजलेल्या देशात हे घडले. 'मुस्लिम समाजात मुली शिकत नाहीत' असे जे सरसकट बोलले जाते, त्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

तरी चित्र अर्धवट दाखवू नये. बांगलादेशात अठरा वर्षांच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचे प्रमाण अजूनही निम्म्याच्या आसपास आहे. विद्यावेतनाने मुलगी शाळेपर्यंत आणली, पण शाळेनंतर तिच्या हाताला काम नसेल तर लग्नाची घाई पुन्हा सुरू होते. म्हणून शाळा आणि रोजगार ही दोन्ही धोरणे जोडीने चालावी लागतात.

आपल्याकडे काय झाले? सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक स्थितीचा आरसा देशासमोर धरला आणि त्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. २०२२-२३ पासून त्यातली पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद करून ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. आठवीपर्यंतचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे, हे कारण सरकारने दिले. पण फी माफ असली तरी वह्या, रिक्षा, गणवेश आणि घरातला बुडालेला हात यांचा खर्च माफ होत नाही. बांगलादेशाच्या अनुभवातून मागणी करायची तर हीच करावी लागेल.

दुसरीकडे चांगल्या गोष्टीही आहेत आणि त्या आपल्या घरांपर्यंत पोहोचत नाहीत. जुलै २०२४ च्या निर्णयाने महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मुस्लिमांमधल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. दाखला वेळेत काढला नाही, आधार आणि खात्यावरच्या नावाचे स्पेलिंग जुळले नाही, एवढ्यावरून ही दारे बंद होतात.

मीठ, साखर आणि पाणी

सोलापूरचा एक मुलगा दुसऱ्या देशात इतका आदरणीय झाला, की तिथे त्याच्या नावाने स्मारके आहेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींची सेवा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शहरात त्यांचे स्मारक आहे, मुलांना एकदा तरी दाखवावे.

त्याच चीनने पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या साध्या शेतकऱ्यांना थोडे प्रशिक्षण देऊन 'अनवाणी डॉक्टर' तयार केले. आजार वाढण्याआधीच गावात कुणीतरी असावे, ही कल्पना जगभर गेली. आपल्या दारी येणारी आशाताई, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली, याच विचाराच्या कुळातली आहे. त्यात महाराष्ट्राची भरही मोठी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात आली.

बांगलादेशाचा आणखी एक धडा प्रत्येक आईने लक्षात ठेवावा. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे प्रमाण आयांना हाताने करून दाखवले. त्यांचा मेहनताना किती घरे केली यावर नव्हता. नंतर तपासायला गेल्यावर त्या आईला कृती किती आठवते, यावर तो ठरे.

आपल्या किती योजनांत असा हिशेब असतो? शिबिर झाले, फोटो निघाला, उपस्थिती लिहिली, की योजना यशस्वी. आईला काय आठवते, हे कुणी विचारत नाही. (एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात जुलाब लागलेल्या मुलाला हे देत राहावे आणि डॉक्टरकडे न्यावे.)

हजची बचत

हा विषय आपल्या प्रत्येक घराचा आहे. वर्षानुवर्षे पैसा जमवून, प्रसंगी जमीन किंवा दागिने विकून लोक हजला जातात. मलेशियात पन्नासच्या दशकात हेच होत असे. खेड्यातला माणूस शेत आणि गुरे विकून हजला जाई आणि परतल्यावर कर्जात सापडे. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये सुचवले, की हजसाठी लोकांची व्याजमुक्त बचत एकत्र करावी आणि ती हलाल उद्योगांत गुंतवावी. त्यातून १९६३ मध्ये जी संस्था सुरू झाली, तीच पुढे 'ताबुंग हाजी' म्हणून प्रसिद्ध झाली. शेतकरी, शिक्षक, मच्छीमार थोडे थोडे पैसे ठेवतात, नफ्यातला वाटा मिळवतात आणि आपली पाळी आली की जातात. मूल जन्मले की त्याच्या नावाने खाते उघडणारे आईबापही तिथे आहेत.

इथेही सावधपणा हवा. २०१८ मध्ये ताबुंग हाजीची देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाल्याचे उघड झाले आणि सरकारला ती सावरावी लागली. विश्वासाच्या नावावर हिशेब तपासायचे राहिले, तर अल्लाहच्या घरी जाण्यासाठी ठेवलेला पैसाही बुडू शकतो. आपल्याकडे 'हलाल नफा' म्हणून मोठा परतावा सांगणाऱ्या योजनांत अनेक घरांनी पैसे घालवले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

भारतात हज अनुदान २०१८ मध्ये बंद झाले. त्यावर बरेच बोलून झाले. आता गरज आहे ती सरकारी देखरेखीखाली चालणाऱ्या, हिशेब उघड ठेवणाऱ्या हज बचत योजनेची. निवेदन द्यायचेच तर त्यात मलेशियाचे हे उदाहरण चांगल्या-वाईट दोन्ही बाजूंनी लिहून द्यावे.

जगाने आपल्याकडूनही घ्यावे

आपण फक्त घेणारेच आहोत असे नाही. १९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्ह्याला होरपळून काढले. त्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खणले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, असा कायदेशीर हक्क. त्याचा खर्च भागवण्यासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आमच्यासारख्या शिक्षकांच्या पगारातून दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये त्याच कराचे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या भाकरीचा भार उचलायचा, ही त्यामागची नियत. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची मुळे आपल्या या दुष्काळी मातीत आहेत.

बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. तीच कल्पना पुढे आफ्रिकेतल्या झांबियात वापरली गेली. पाटण्यातली कल्पना झांबियात चालते, मग कन्नूरची किंवा ढाक्याची सोलापुरात का चालू नये?

डोळे झाकून नको

मात्र उचललेले रोप मातीत रुजते की नाही हे पाहावे लागते. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या गटकर्जाचे जगभर कौतुक झाले, २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि त्या बँकेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. आपल्या शेजारच्या आंध्रात मात्र नफ्यासाठी आलेल्या कंपन्यांनी तेच रूप घेतले, एकाच बाईला तीन-चार ठिकाणांहून कर्जे दिली आणि वसुलीचा जाच सुरू झाला. २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्या मोहल्ल्यांतही आठवड्याच्या हप्त्याच्या दिवशी बायांचे चेहरे कसे होतात, ते सांगायला नको. गटाची पद्धत तीच होती, नियत बदलली आणि औषधाचे विष झाले.

म्हणून कुठलीही परकी योजना ऐकली की चार प्रश्न विचारावेत. पैसा कुणाच्या हातात जातो? अट पाळणे गरिबाला जमेल का? हिशेब कोण तपासतो? आणि परिणाम उलटा दिसला तर नियम बदलण्याची तयारी आहे का? हजरत उमर यांच्या त्या रात्रीच्या गस्तीत हे शेवटचे उत्तर मिळते.

सरकारने करायचे ते सरकारने करावे आणि त्यासाठी आपण मागत राहावे. पण काही गोष्टी मोहल्ल्यातही करता येतात. प्रत्येक मशिदीच्या परिसरात नववी-दहावीतल्या मुलींची यादी करावी आणि त्यांतली कोण गैरहजर राहू लागली, हे शाळेशी बोलून पाहावे. बैतुलमाल असेल तिथे अशा मुलीसाठी छोटे विद्यावेतन ठेवावे, तिच्या स्वतःच्या खात्यात, हजेरीच्या अटीवर. जकातीतून द्यायचे असेल तर आलिमांना विचारून. जून महिना उजाडण्याआधी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, विडी कामगार कार्ड आणि बँक खाते यांची कागदपत्रे तपासण्यासाठी शिकलेल्या तरुणांनी एक दिवस बसावे. आणि पुढच्या वेळी विश्रामगृहाच्या फाटकाशी निवेदन घेऊन जाल, तेव्हा मागणीखाली दोन ओळी जादा लिहा: हे अमुक ठिकाणी, अमुक साली झाले आहे, त्याचा असा फायदा झाला आणि ही चूक टाळावी. तो कागद साहेबाला बाजूला ठेवणे थोडे कठीण जाईल.